वाचक विचारतात : ऑनलाइन निधी उभारताना

क्राउडफंडिंगबद्दल, म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे ऑनलाइन जमवण्याबद्दल, बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह मला स्वतः छापायचा आहे. क्राउडफंडिंगच्या साइटवर पान तयार केलं की तिथे येणारे लोक पैसे देतात का?

जवळजवळ नाहीच. साइट फक्त पैसे घेण्याची सोय करून देते, माणसं तुम्हालाच आणावी लागतात. पहिले पैसे ओळखीच्यांकडून येतात, मग त्यांच्या ओळखीच्यांकडून. अनोळखी माणूस सर्वांत शेवटी येतो आणि तोही आधी किती जमलंय ते पाहून. शून्यावर थांबलेल्या पानावर पहिलं नाव आपलं असावं असं कुणाला वाटत नाही.

1885 मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला होता. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून आवाहन केलं आणि काही महिन्यांत एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. देणारेही लाखाच्या वर होते आणि बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिला होता. आवाहन चांगलं होतंच, पण रोज अंक उघडणारा वाचकवर्ग पुलित्झर यांच्या हाताशी आधीपासून होता आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव ते छापत होते. तुमच्या हाताशी कोण आहे, हा प्रश्न पान तयार करण्याच्या आधीचा आहे.

पुस्तकासाठी मोबदल्यावर आधारित मोहीम योग्य: लोक आज पैसे देतात, नंतर त्यांना प्रत मिळते. उपचार, शिक्षण, आपत्ती यांसाठी देणगीची मोहीम असते. कर्ज किंवा कंपनीतला हिस्सा देऊन पैसे उभारायचे असतील तर प्रत्येक देशाचे स्वतंत्र कायदे आहेत. त्यात सल्लागाराशिवाय उतरू नका.

प्रश्न : छपाईसाठी एक लाख लागणार आहेत. उद्दिष्ट एक लाखच ठेवू का?

एक लाख ठेवलंत तर छपाईला पैसे कमी पडतील. जमलेल्या रकमेतून आधी साइटचं शुल्क जातं, मग पैसे वळते करण्याचं शुल्क. किकस्टार्टर ही क्राउडफंडिंगची साइट 5 टक्के घेते, वर पेमेंटचे साधारण 3 ते 5 टक्के. त्यात काही कार्डांवरून पैसे वटतच नाहीत. म्हणून एकूण 10 टक्के गळती धरा. प्रत पाठवण्यासाठी पाकीट, पुठ्ठा, टपाल याला आणखी 15 टक्के धरले तर हातात 75 टक्केच उरतात.

इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. एक लाखात 25 टक्के मिळवून ते सव्वा लाख ठेवतात. सव्वा लाखातून 25 टक्के गेले की उरतात 93,750. मिळवायचं नाही, भागायचं: एक लाख भागिले 0.75, म्हणजे साधारण 1,33,500. टपालखर्च अंदाजाने लिहू नका. एक प्रत खरोखर बांधून वजन करा आणि जवळचा, लांबचा व परदेशचा दर वेगवेगळा काढा. परदेशी टपालाने नफा खाऊन टाकलेल्या मोहिमा कमी नाहीत.

‘सगळे जमले तरच पैसे मिळतील’ आणि ‘जमतील तेवढे मिळतील’ असे दोन प्रकार असतात. किकस्टार्टरवर पहिलाच आहे. पुस्तकाला तोच बरा, कारण निम्म्या पैशांत पूर्ण आवृत्ती छापण्याचं वचन गळ्यात पडत नाही. मुदत 30 दिवसांची ठेवा. किकस्टार्टर 60 दिवसांपर्यंत परवानगी देतं, पण लांब मुदतीत ‘नंतर बघू’ म्हणणारे वाढतात.

प्रश्न : सुरुवात नेमकी कुठून करायची? माझे तीनेकशे संपर्क आहेत, दहा-बारा ग्रुप आहेत.

यादीपासून, आणि तीही मोहिमेच्या चार ते सहा आठवडे आधी. कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात घरचे आणि जिवलग, दुसऱ्यात ज्यांना फोन करायला संकोच वाटत नाही असे, तिसऱ्यात नुसते ओळखीचे. हात राखून अंदाज करायचा तर पहिल्यातले दोघांत एक, दुसऱ्यातले पाचांत एक, तिसऱ्यातले विसांत एक देतील असं धरा. रकान्यांत 20, 80 आणि 200 नावं असतील तर देणारे झाले 10, 16 आणि 10, एकूण 36. सरासरी हजार धरले तर 36 हजार. उद्दिष्ट 1,33,500. मग यादी वाढवा, मोठी रक्कम देणारे पाच-सहा जण आधी शोधा, नाहीतर प्रती कमी छापा. हे मोहीम सुरू होण्याआधी कळलं तर काहीच बिघडत नाही. सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी कळलं तर मात्र हातात फारसं काही राहत नाही.

पहिल्या रकान्यातल्या प्रत्येकाला एकेकट्याला निरोप पाठवा. उदाहरणार्थ : ‘मावशी, माझ्या कथासंग्रहाच्या पाचशे प्रती छापतोय. निधीची मोहीम मंगळवारी सकाळी नऊला सुरू होईल. पहिल्या दोन दिवसांत चांगली रक्कम दिसली तर बाकीच्यांचा विश्वास बसतो, म्हणून तुला आधी सांगतोय. मंगळवारी लिंक पाठवू का? नाही जमलं तरी काही हरकत नाही.’ यात मागणं एकच आहे, दिवस ठरलेला आहे, घाई का आहे ते सांगितलंय आणि नाही म्हणायलाही जागा आहे. हाच मजकूर ग्रुपवर टाकला तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी देईल. वर अंगठे येतात, पैसे येत नाहीत.

मंगळवारी सकाळी पहिल्या रकान्याला लिंक जाऊ द्या, दुसऱ्याला संध्याकाळपासून. ग्रुप आणि स्टेटस तिसऱ्या-चौथ्या दिवशी, उद्दिष्टाच्या 25 ते 30 टक्के दिसू लागल्यावर.

त्याआधी दोन कामं उरकाच. बँक खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळवून पडताळणी पूर्ण करा. आद्याक्षर एकीकडे आणि पूर्ण नाव दुसरीकडे, एवढ्यावरून पैसे अडकतात. दुसरं, पान सुरू होताच दुसऱ्याच्या फोनवरून किमान रक्कम भरून पाहा. लिंक चॅटमधल्या ब्राउझरमध्ये उघडते तिथे पेमेंटचं पान कधीकधी अडतं, आणि देणारा ते तुम्हाला सांगत बसत नाही.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात 40 टक्के झाले, त्यानंतर दहा दिवस आकडा हलत नाही. मोहीम फसली का?

नाही. सुरुवातीला आणि शेवटी ओघ असतो, मधे शांतता, हे बहुतेक मोहिमांत दिसतं. या दिवसांत ‘कृपया मदत करा’ हे पुन्हा पुन्हा टाकू नका. सांगण्यासारखं नवं काही घडवा: मुखपृष्ठाचा कच्चा नमुना, एका कथेचं वाचन, छापखान्याचं दरपत्रक. मोठी रक्कम देणारे कुणी असतील तर त्यांना विचारा, ‘या आठवड्यात जेवढे येतील तेवढेच तुम्ही घालाल का?’ अशा जोडरकमेने थांबलेले लोक हलतात.

ज्यांनी दिलंय त्यांना पुन्हा पैसे मागू नका, दोन नावं मागा. आणि शेवटच्या 48 तासांसाठी ताकद राखून ठेवा. किकस्टार्टरवर पान जपून ठेवणाऱ्यांना तेव्हाच आठवणीचा ईमेल जातो. ‘देतो’ म्हणून राहून गेलेल्यांना त्या वेळी फोन केला तर राग येत नाही.

प्रश्न : आमचं घरगुती वापराचं एक उपकरण आहे. उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे आले तर चांगलंच ना?

एका नगाची किंमत बरोबर काढली असेल तरच. ‘कूलेस्ट कूलर’ या पेयं थंड ठेवण्याच्या पेटीने 2014 मध्ये किकस्टार्टरवर 50 हजार डॉलर मागितले आणि 1 कोटी 30 लाखांहून अधिक जमवले. पण लोकांकडून घेतलेल्या रकमेत कूलर बनवून पोचवणं परवडेना. हजारो लोकांना तो कधीच मिळाला नाही आणि 2019 मध्ये कंपनी बंद झाली. नगामागे तोटा असेल तर प्रत्येक नवी मागणी खड्डा वाढवते. साचे, चाचण्या, प्रमाणपत्रं, मोडके परत येणारे नग, हे सगळं धरून किंमत काढा. पहिल्या फेरीत नगांची संख्या मर्यादित ठेवा. पोचवण्याची तारीखही सैल द्या. पेबल घड्याळाने 2012 मध्ये कोटीभर डॉलर जमवले, तरी सप्टेंबरचं वचन पुढच्या जानेवारीपर्यंत लांबलं.

प्रश्न : भाच्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवायचे आहेत. वेळ नाही, इतकी तयारी कशी करणार?

इथे तयारी एका दिवसाची, पण कागद पक्के हवेत. इथे ‘जमतील तेवढे मिळतील’ हाच प्रकार घ्या. रुग्णालयाकडून तारीख, शिक्का असलेलं खर्चाचं अंदाजपत्रक आणा. पानावर पहिल्या चार ओळींत आजार, शस्त्रक्रियेची तारीख आणि तीन आकडे द्या: एकूण खर्च, घरून भरलेले, कमी पडणारे. शीर्षकात ‘मदत हवी’ पेक्षा ‘नऊ वर्षांच्या मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी’ हे जास्त काम करतं. कागदांचे फोटो टाकताना पत्ता, ओळखपत्राचा आणि रुग्णनोंदणीचा क्रमांक झाका. शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील अशी व्यवस्था घ्या. देणाऱ्यांची निम्मी शंका तिथेच मिटते. उरलेल्या पैशांचं काय करणार, हे आजच लिहा. वाईट घडल्यावर ते लिहिणं फार जड जातं.

क्यूआर कोडचा नुसता फोटो फिरवू नका. मजकूर तोच ठेवून कोड बदलणारे लोक आहेत. फक्त पानाची लिंक द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी तिथेच हालहवाल लिहा.

प्रश्न : अशा आवाहनांत खरं कोणतं, हे देणाऱ्याने कसं ओळखायचं?

फोटो इमेज सर्चमध्ये टाका. जुन्या बातमीतला निघाला तर विषय संपला. मोहीम चालवणाऱ्याचं रुग्णाशी नातं लिहिलंय का, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, अंदाजपत्रकावर तारीख आहे का, ते पाहा. रुग्णालयाचा क्रमांक पानावरून न घेता स्वतः शोधून फोन करा. रुग्णालय तपशील सांगणार नाही, पण असं अंदाजपत्रक दिलंय का एवढं काही ठिकाणी कळू शकतं. पैसे भरताना एकूण आकडा वाचा: काही साइट स्वतःसाठीची ‘टिप’ आधीच निवडून ठेवतात. ती शून्य करता येते आणि तुमची देणगी त्याने कमी होत नाही.