घरचंच बरं वाटतं, त्याचा हिशोब

मुलगी पाच-सहा वर्षांनी अमेरिकेत एमएस करणार, तरी अमेरिकी फंडात पैसे घालायला तुमचं मन धजत नाही. हे आपलंच खूळ का, असं विचारलंयत.

नाही हो, जगभर हेच आहे. १९९१ मध्ये फ्रेंच आणि पोटेर्बा या अर्थतज्ज्ञांनी आकडे मांडले होते: अमेरिकी लोकांच्या शेअर-गुंतवणुकीतले सुमारे ९४ टक्के अमेरिकेतच, जपान्यांचे तर ९८ टक्के जपानात. त्याच जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ३८,९०० वर पोचला आणि नंतर असा आपटला, की ती पातळी पुन्हा दिसायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्यांची नोकरी, घर, शेअर सगळंच तिथे, त्यांनी काय करायचं?

ओळखीचं ते सुरक्षित वाटतं, एवढंच. ताळेबंद आपण देशी कंपनीचाही वाचत नाही (मी तरी क्वचितच). हातातला फोन आणि त्यातली निम्मी अॅप्स परदेशी कंपन्यांची. पण त्यांचा शेअर म्हटला की परका!

आपल्याकडे मात्र मनाच्या जोडीला कुंपणही आहे. म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीची मर्यादा ७ अब्ज डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला ती भरली आणि फेब्रुवारीत माझी चालू एसआयपी थांबली. स्वतः पैसे पाठवायचे तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा. पण दहा लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. शिवाय शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता. बाकी रिटर्न एप्रिल ते मार्च, आणि हे एकटं जानेवारी ते डिसेंबर! पहिल्या वर्षी मी तिथेच घोळ घातला होता.

म्हातारपणीचा खर्च रुपयांत होणार, म्हणून तो पैसा इथेच ठेवणं मला पटतं. मुलीची फी मात्र डॉलरमध्ये जाणार. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ अखेर ८२-८३. म्हणजे फी एका डॉलरने न वाढताही जवळपास दुप्पट. तेव्हा निदान फीपुरता वाटा तरी हळूहळू बाहेर न्या. जायची वेळ जवळ आली की शेअरमधून काढायला लागा.

माझा स्वतःचा परदेशी वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर. बायकोला तोही नको असतो. ती म्हणते, सोनं आहे की. आणि रुपयांतला सोन्याचा भाव डॉलर महागला की चढतो, त्यामुळे मला फार वाद घालता येत नाही.