'उपेक्षा' हा सद्गुण कसा?

प्रश्न असा आला आहे : "योगवर्गात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या. पहिल्या तीन पटल्या. पण उपेक्षा? सासूबाईंची शेवटच्या वर्षांत झालेली उपेक्षा मी डोळ्यांनी पाहिली आहे. तीच करायची आणि त्यानं मन प्रसन्न होणार? की मूळ अर्थ चांगला होता आणि मराठीनं तो बिघडवला?"

मराठीनं बिघडवला नाही, हे आधी सांगतो, कारण हा समज फार ठिकाणी ऐकू येतो. संस्कृतात दोन्ही अर्थ जुनेच आहेत. राजनीतीच्या ग्रंथांत साम, दान, भेद, दंड यांच्या पुढे माया, उपेक्षा आणि इंद्रजाल हेही उपाय येतात. तिथली उपेक्षा म्हणजे मुद्दाम दखल न घेणं.

शब्द 'उप' आणि 'ईक्ष्' मिळून झाला आहे. ईक्ष् म्हणजे पाहणं. परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा, अपेक्षा ही सगळी याच धातूची लेकरं. उप म्हणजे जवळ. म्हणजे धातूकडून पाहिलं तर उपेक्षेत पाहणं आहे, डोळे फिरवणं नाही. मग अर्थ उलटा कसा झाला? आपलं 'बघणं' घ्या, लगेच कळेल. "जरा दूध बघ गं" म्हणतो तेव्हा त्या बघण्यात काळजी असते. "शेजारी मारामारी चालली होती आणि हा नुसता बघत राहिला" म्हणतो तेव्हा त्याच बघण्याला आपण दोष देतो. दोन्हीकडे डोळे उघडे आहेत, हात थांबलेले आहेत. हात का थांबले, यावर अर्थ ठरतो. उपेक्षा हा शब्द नेमका याच जागी दुभंगला.

तुमच्या वर्गातल्या चार भावना पातंजल योगसूत्रातल्या आहेत, पहिल्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, तेहतिसावं सूत्र. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्य वागणाऱ्याविषयी उपेक्षा. यानं चित्त प्रसन्न होतं. उपेक्षा कोणाची ते पाहा. वाईट वागणाऱ्याची, म्हणजे त्याच्या वागण्यानं आपलं मन ढवळू द्यायचं नाही. अंथरुणाला खिळलेली सासू या सूत्रात करुणेच्या खात्यात येते, उपेक्षेच्या नाही. पुढे तिसऱ्या पादात मैत्री वगैरेंवर संयम, म्हणजे धारणा-ध्यान-समाधी एकत्र, केल्यानं बळ मिळतं असं सूत्र आहे. तिथे व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरची जुनी टीका, उपेक्षेला वगळतं : ती भावना नव्हे, म्हणून तिच्यावर समाधी नाही. म्हणजे योगाच्या परंपरेतही उपेक्षा थोडी 'सोडून देण्या'कडे झुकलेली आहे.

बौद्ध परंपरेत मात्र हा शब्द फार उंच जागी बसला आहे, आणि मला त्याचा खरा जीव तिथे सापडतो. पालीत तो 'उपेक्खा'. मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता यांच्यानंतरचा चौथा ब्रह्मविहार, म्हणजे मनाची श्रेष्ठ अवस्था; सात बोध्यंगांतलं, म्हणजे बोधाकडे नेणाऱ्या अंगांतलं, शेवटचं; दहा पारमितांतली, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांतली, शेवटची. विसुद्धिमग्गात, म्हणजे पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ग्रंथात, एका आईचा दृष्टान्त आहे. तिला चार मुलगे : एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला, एक स्वतःच्या कामाला लागलेला. पहिला वाढावा, दुसरा बरा व्हावा, तिसऱ्याचं तारुण्य टिकावं असं तिला वाटतं. चौथ्याची ती चिंता करत नाही. उपेक्खा म्हणजे हे चौथ्याशी असलेलं नातं. तो तिला नकोसा झालेला नाही. त्याला आता ढकलायची गरज उरलेली नाही, एवढंच. सारखी चाल धरून पळणाऱ्या जातिवंत घोड्यांकडे सारथी जसा पाहतो, तीही उपमा त्याच ग्रंथात आहे.

आणि तुमची शंका त्या ग्रंथानं आधीच ओळखली आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू असतो, असं तो सांगतो. उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणजे ओढ आणि चीड. जवळचा शत्रू म्हणजे 'अञ्ञाणुपेक्खा', अज्ञानातून आलेली बेफिकिरी. जवळचा अशासाठी की ती बाहेरून हुबेहूब उपेक्खेसारखीच दिसते.

महाराष्ट्रात हा भेद परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांनी धम्मावरच्या त्यांच्या ग्रंथात उपेक्खा समजावताना ती बेपर्वाईहून वेगळी आहे हे आवर्जून नोंदवलं : फळानं विचलित व्हायचं नाही, तरीही प्रयत्न सोडायचा नाही. मला ही व्याख्या सगळ्यांत नेमकी वाटते.

लहानपणी वाण्याच्या दुकानात तागडी पाहिलेली आठवते. गूळ टाकून झाला की तो पारड्यावरचा हात काढायचा आणि काट्याकडे बघायचा. काटा इकडे झुके, तिकडे झुके. तो बोटही लावत नसे, पण नजर हलत नसे. काटा स्थिरावला की पुडी बांधायला घ्यायचा. ध्यानाला बसल्यावर गुडघ्याची कळ अशीच बघायला सांगतात.

मराठीत मात्र शब्द एकाच बाजूला पक्का झाला आहे, आणि तोही बारकाईनं. दुर्लक्ष कशाकडेही होतं : दुधाकडे, बिलाकडे, तब्येतीकडे. उपेक्षा त्याचीच होते ज्याचा आपल्या लक्षावर हक्क असतो : आईची, कलावंताची, एखाद्या भागाची. "दुधाची उपेक्षा झाली" कोणी म्हणणार नाही. मनाच्या श्लोकांतलं 'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी' याच अर्थानं आपल्या तोंडी आहे. म्हणून सासूबाईंच्या बाबतीत तुम्ही वापरलेला शब्द अगदी बरोबर आहे. वर्गातल्या शब्दासाठी त्याची धार कमी करू नका.

मग शिकवताना काय म्हणावं? 'उदासीन' चाललं असतं. गीतेत ते स्थिरचित्ताचं लक्षण आहे, पण उदास म्हणजे खिन्न झाल्यापासून तेही गेलं. 'तटस्थ' काठावर उभा राहतो, त्यात जवळीक नाही. विपश्यनेच्या वर्गात 'समता' म्हणतात, पण मराठी कानाला समता म्हणजे आधी सामाजिक समता, आणि ती तशीच राहावी. माझं मत पाली रूपाला आहे. ध्यानाबद्दल बोलताना सरळ 'उपेक्खा' म्हणावं. सूत्र शिकवताना उपेक्षाच ठेवावी लागेल, मात्र तिथे 'वाईट वागणाऱ्याविषयी' हे शब्द गाळू नयेत.