डॉक्टरीणबाई म्हणजे नेमक्या कोण?

सेलूकडच्या एका ताईंनी विचारलंय : "मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. पेशंट मला डॉक्टरीणबाई म्हणतात. माझ्यासोबतचे एक डॉक्टर म्हणतात, डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको. तुम्हाला 'वैद्या' म्हणायला पाहिजे. बरोबर काय?"

ताई, तुमचे पेशंट चुकत नाहीत. '-ईण' लागला की मराठीत दोन अर्थ निघतात. पाटलीण ही पाटलाची बायको. मालकीण मात्र मालकाची बायको असेल, नाहीतर सातबारा तिच्याच नावावर असेल. मास्तरीणचंही तसंच. आणि सुईण बघा. तिथं नवऱ्याचा संबंधच नाही. सुईणीच्या नवऱ्याला मराठीनं शब्दसुद्धा दिला नाही. म्हणजे बाईचं स्वतःचं काम सांगायला हा शेवट आपल्या कानाला जुनाच आहे.

माझ्या लहानपणी जिंतूरकडच्या आमच्या गावात एका खाजगी डॉक्टरांच्या पत्नीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. पुढं सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर बदलून आल्या, आणि गावात दोन डॉक्टरीणबाई झाल्या. महिनाभरात लोकांनी आपली सोय लावली. या 'सुईवाल्या', त्या 'वाड्यातल्या'. आजी मला कडेवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवरूनच कंपाउंडरला विचारायची, "सुईवाल्या बाई तपासायल्यात का रं? लेकराला लई ताप हाय." त्या प्रश्नातून कुणाचा घोटाळा झालेला मला आठवत नाही.

'डॉक्टरची बायको' एवढाच अर्थ धरला, तर पहिल्याच पावलाला अडतं. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांचं डॉक्टरपण संपूर्ण त्यांचंच.

'वैद्या' हा शब्द चांगला आहे, आयुर्वेदातल्या अनेक जणी तो नावाआधी अभिमानानं लावतात. पण आज वैद्य म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात नाडीपरीक्षा, काढे, चूर्णं येतात. तुम्ही ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करत असाल तर पेशंटची दिशाभूल होईल.

आपल्याकडच्या शब्दांची सरमिसळ मला फार आवडते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. म्हणून हकीम आपल्याला परका वाटला नाही. 'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण इथले म्हातारे सहज बोलतात, आणि कित्येकांना ती कडुनिंबाचा पाला देणाऱ्या हकिमाबद्दल वाटते! तो नीम फारसी आहे, अर्थ 'अर्धा'. निमसरकारी, निमशहरी, निमगोरा यांतला 'निम' तोच. आता 'दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई' एवढंच घ्या : दवा अरबी, खाना फारसी, डॉक्टर लॅटिनमधून इंग्रजीमार्गे आलेला, आणि ईण आपली. लॅटिनमध्ये डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. तेव्हा मास्तरीण आणि डॉक्टरीण या अर्थानं बहिणीच.

खरी अडचण वेगळीकडे आहे आणि ती व्याकरणाची आहे. 'डॉक्टर आल्या' म्हटलं की क्रियापदावरूनच बाई कळते, ईणची गरज उरत नाही. शहरात हेच रुळलंय. पण 'डॉक्टरांनी गोळ्या दिल्या' म्हणा. 'दिल्या' गोळ्यांकडे बघून आलं, 'डॉक्टरांनी' हे आदरार्थी. बाई की पुरुष, काहीच कळत नाही. भूतकाळात 'नी' लागला की बाई वाक्यातून गायब होते. म्हणून बोलताना लोकांना 'डॉक्टरीणबाईंनी', 'मॅडमनी' असं काहीतरी लागतंच. 'मॅडम'नं काम भागतं खरं, पण मॅडम शाळेतही आहे, बँकेतही आहे, तहसीलमध्येही आहे. डॉक्टरीणबाई म्हटलं की तुमचं कामही आलं आणि आदरही आला.

तेव्हा पाटीवर, चिठ्ठीवर 'डॉ.' लिहा. बातमीत, पत्रात 'डॉक्टर म्हणाल्या' लिहावं. आणि बाकड्यावर बसलेली एखादी आजी 'डॉक्टरीणबाई' म्हणाली, तर तिला दुरुस्त करू नका.