निरीक्षण वहीत ‘लाजाळू’ लिहिले तर काय बिघडते?

प्रश्न : बी.एड्.च्या छात्रसेवाकालात (शाळेत प्रत्यक्ष काम करण्याच्या काळात) आठवीच्या एका वर्गाचे निरीक्षण करते आहे. कुमारावस्थेच्या प्रात्यक्षिकाची माझी वही ‘ही निरीक्षणे नाहीत, मते आहेत’ असा शेरा मारून परत आली. मग लिहायचे तरी काय?
— छात्राध्यापिका, सिडको, नाशिक

उत्तर : ‘लाजाळू’, ‘उद्धट’, ‘लक्ष नसते’ हे शब्द वहीत असतील तर शेरा रास्त आहे. वाचणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाहीत. पानावर तीन रकाने आखा : वेळ, दिसले-ऐकले, अर्थ. तिसरा रकाना वर्गात कोरा ठेवा आणि त्याच संध्याकाळी भरा. दोन दिवस गेले की आठवण आपल्या मताच्या बाजूने झुकते.

‘लाजाळू, गणितात कच्चा’ याऐवजी नोंद अशी हवी : ‘१०.४२. समीकरण सोडवायला फळ्याजवळ बोलावले. वहीत उत्तर बरोबर. पायरी वाचताना आवाज चिरकला, मागच्या दोन बाकांवर हसू. खडू ठेवून जागेवर. तास संपेपर्यंत हात वर नाही. वहीत मात्र पुढची दोन उदाहरणे सोडवली.’ आता गणित कच्चे नाही, आवाज फुटण्याचे वय आहे, हे आपोआप दिसते. सगळे आपल्याकडेच बघताहेत ही या वयातली भावना मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ या नावाने मांडली. इथे तर प्रेक्षक खरेच हसले होते, त्यामुळे सिद्धान्त चिकटवण्याआधी तेही लिहा.

पूर्ण वर्ग एकदम टिपता येत नाही. ३५ मिनिटांच्या तासातली पहिली आणि शेवटची ५ मिनिटे सोडा. उरलेल्या २५ मिनिटांत पाच मुले आळीपाळीने घ्या. प्रत्येकाला एक मिनिट : १० सेकंद बघा, उरलेल्या वेळात खूण करा (काम, शेजारी, शिक्षक, इतरत्र). प्रत्येक मूल पाच वेळा येते. शेवटच्या बाकावर बसू नका, तिथून फक्त पाठी दिसतात. खिडकीच्या बाजूला, पुढून तिसऱ्या रांगेशी तिरपे बसले की चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी निष्कर्षाला धरू नका. त्या दिवसांत मुले तुमच्यासाठी वागत असतात.

प्रश्न : त्याच वर्गात काही मुली मोठ्या बायांसारख्या दिसतात, काही मुलगे पाचवीतले वाटतात. काही जण पहिल्या तासाला पेंगतात. विकास मागे पडला असे म्हणावे का?
— छात्राध्यापक, नाशिक रोड

उत्तर : नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरीने दोनेक वर्षे आधी येतो आणि मुलामुलांतही पुढेमागे होतो. घोटाळा होतो तो आपल्याकडून : थोराड दिसणाऱ्या मुलीला ‘तू तरी समजूतदार हो’ म्हणतो. शरीराच्या वाढीवरून विचारांची वाढ ठरत नाही.

विचार पाहायचा तर दोरा आणि लहान-मोठे दोन लोखंडी नट पुरे. नट दोऱ्याला बांधून टांगला की लोलक तयार. झोका लवकर-उशिरा कशामुळे होतो ते शोधायला सांगा. (नट फार लांब न नेता सोडला तर फरक पाडते ती लांबी, वजन नव्हे.) मूल एका वेळी एकच गोष्ट बदलते की दोरा आणि नट दोन्ही एकदम, एवढेच टिपा. दोन्ही बदलणारे मूल बरेचदा ‘जड म्हणून सावकाश’ असे ठामपणे सांगते. लांबी टांगलेल्या गाठीपासून नटच्या मध्यापर्यंत मोजा, नाहीतर मोठा नट लावताच लांबीही बदलते आणि प्रयोग फसतो. एका मुलाला दहा मिनिटे द्या आणि मध्ये बोलू नका. ‘नीट बघ हं’ हीसुद्धा मदतच. लोलकावर जमलेला विचार इतिहासाच्या तासाला दिसेलच असे नाही, तेव्हा मानसशास्त्रज्ञ पिआजेंनी सांगितलेली विचारांच्या वाढीची अवस्था एका प्रयोगावरून ठरवू नका.

पेंगण्याबद्दल : या वयात झोपेची वेळ शरीरातच पुढे सरकते आणि गरज ८ ते १० तासांची असते. सातच्या सकाळ सत्रात पहिला तास तसा जाणारच. तेच मूल चौथ्या तासाला पाहा. दिंडोरी-निफाडच्या बाजूला शाळा असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये घरी द्राक्षांची घाई आहे का, ते वर्गशिक्षकांना विचारा.

प्रश्न : मैत्रीचे गट कळावेत म्हणून ‘कोण आवडत नाही’ असे विचारू का? आणि मुलांची नावे लिहावीत का?
— छात्राध्यापिका, पंचवटी

उत्तर : नकाराचा प्रश्न नकोच. मधल्या सुट्टीत मुले चिठ्ठ्या पडताळतात आणि ज्याचे नाव येते त्याचे पुढचे महिने कठीण जातात. ‘प्रकल्पासाठी कोणते तिघे हवेत’ एवढे विचारले तरी कोणाचेही नाव न आलेले मूल कळते. वहीत नावाऐवजी मु१, मु२ असे संकेत लिहा, नावांची यादी वेगळी ठेवा, फोटो काढू नका.

मुलाने त्रासाचे, स्पर्शाचे काही सांगितले तर ती निरीक्षणाची नोंद नव्हे. खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नका. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षक आणि मुख्याध्यापकांना सांगा. पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि छात्राध्यापकाला त्यातून सूट नाही. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे.