नवव्या पानावर अडकलास, त्याबद्दल

तू लिहिलंस की २४ पानांच्या कॉमिकची पहिली ८ पानं भराभर झाली आणि नववं दोन महिने हलत नाही. रोज रात्री ११ला बसतोस, २ वाजेपर्यंत तोच चेहरा खोडतोस, आणि आता आपल्यात ते नाहीच असं वाटायला लागलंय. दादा म्हणून विचारलंस, म्हणून अरेतुरे करतो.

हात गेला असता तर आठवं पान इतकं चांगलं उतरलं नसतं. नवव्यावर काय आहे ते तू जाता जाता सांगून गेलास: बाप-लेक स्वयंपाकघरात बोलत बसलेत. मला वाटतं मेख तिथेच आहे. आधी नागपूरच्या फुटाळा तलावावरचा पाऊस होता, बाईक होती. आता दोन माणसं नुसती बोलणार. या बोलण्यात बाप नमतो की अडून बसतो, हे तुझंच अजून ठरलेलं दिसत नाही. ते ठरल्याशिवाय त्याच्या भुवया कशा काढशील? म्हणून रोज खोडल्या जातात.

माझे असे साडेतीन महिने गेले होते. एका प्रकाशनाने ४० पानांचं काम अर्ध्यावर काढून घेतलं, पैसेही बुडाले. त्यानंतर कोरा कागद दिसला की पोटात गोळा यायचा. टेबल हलवून पाहिलं, निबा बदलल्या, बर्डीच्या बाजारातून महागाचा ब्रिस्टल, म्हणजे चित्रांचा जाड गुळगुळीत कागद, आणला. त्या कागदाने तर भीती जास्तच वाढली, कारण एक शीट खराब करायचीही हिंमत होईना. शेवटी घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काडेपेटीएवढ्या चौकटी आखल्या आणि बॉलपेनने गिरगटत सुटलो. त्या कागदाची कुणाला किंमत नव्हती, म्हणून हात मोकळा झाला.

तूही तेच कर. नववं पान पाच वेळा, पाच वेगळ्या पद्धतीने, प्रत्येकी दहा मिनिटांत. चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेव. मग संवादाचे फुगे बोटाने झाकून बघ. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची किती तरी चित्रं एका शब्दाशिवाय सगळं सांगतात. तुझे बाप-लेक फुग्यांशिवाय भांडताना दिसतात का? बापाची पाठ गॅसकडे, पोराचा हात फ्रिजच्या दारावर, एवढ्यानेही पान उभं राहतं. नुसत्या बोलाचालीची पानं सगळ्यांनाच जड जातात. अमेरिकन कॉमिक चित्रकार वॉली वूड यांच्या कामाच्या खोलीतले '२२ पॅनेल्स', म्हणजे नमुन्याच्या चौकटी, याच अडचणीवर आहेत: कुठे अंगभर सावली, कुठे डोळ्यांचा क्लोजअप, कुठे लांबून दिसणारी छोटी माणसं. शोधून भिंतीवर चिकटव.

सवयीबद्दल विचारलंस. मला सवय लागली ती महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत. गणपतीच्या आधी तिथे एका कारागिराकडे मी तासन् तास उभा राहायचो. त्याच्यासमोर एक मूर्ती कधीच नसायची. एकीची माती ओली, दुसरीला पांढरा हात दिलेला, तिसरीचं पितांबर चाललेलं, आणि मागे दोन-तीन डोळ्यांसाठी थांबलेल्या. डोळ्यांना हात बसत नाही असं वाटलं की तो ब्रश धुवायचा आणि सरळ दुसऱ्या मूर्तीचं सोंडेचं काम घ्यायचा. काम थांबायचं नाही आणि डोळ्यांवर जबरदस्तीही व्हायची नाही. तेव्हापासून माझ्याकडे चार पानं चार टप्प्यांवर असतात. पेन्सिल चालत नसेल त्या दिवशी काळं भरतो, चौकटी आखतो, फुग्यांतली अक्षरं लिहितो. नववं अडलंय तर चौदावं घे, कुणी अडवलंय?

वेळेचंही बघ. दिवसभर कॉलेज करून रात्री ११ला उरलेला जीव कागदावर आणतोस, आणि त्या वेळी थकव्याला आपण 'प्रतिभा नाही' असं नाव देतो. मी इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवणं, पहाटे ५ ते ८ करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या दमट हवेने कागद फुगतो, निबची रेघ फुटते. पहाटे कूलर बंद ठेवता येतो. दुपारी फक्त रफ आणि संवाद. दिवसाचं मापही पानाचं ठेवू नकोस, चौकटीचं ठेव. चार्ल्स शुल्झ यांनी १९५० ते २००० या काळात पीनट्स या वर्तमानपत्री चित्रमालिकेच्या १७,८९७ पट्ट्या स्वतःच्या हाताने काढल्या, आणि रोजचं माप होतं बहुतेक चार छोट्या चौकटी.

ते पाच रफ झाले की इथे टाक, बॉलपेनचेच, साफ न करता. आणि चितार ओळीत जाणार असशील तर पोळ्याच्या आधी जा. नंतर मूर्ती न्यायला येणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही.