३८ व्होल्टवर अडकलेला व्हेरिएबल पॉवर सप्लाय : आधी कारण, मग ट्रान्झिस्टर

निपाणीहून तुम्ही कळवलेली हकिकत थोडक्यात अशी आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या सामानातून तुम्ही ० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा जुना पॉवर सप्लाय घेतला, त्यावर ६ व्होल्टची मोटर अडीच अँपिअरने तासभर चालवली, अचानक व्होल्टेज चढून मोटर जळाली आणि आता नॉब कुठेही फिरवला तरी बाहेर ३८ व्होल्टच येतात. हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) दोन २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर आहेत, बोर्डावरच्या चौदा पायांच्या आयसीचा नंबर पुसला गेला आहे, आणि नवे ट्रान्झिस्टर टाकले की काम होईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे आहे की ट्रान्झिस्टर बहुधा गेलेलाच आहे, पण तो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नये, कारण तोही त्याच वाटेने जाईल.

तुम्ही मोजलेला ३८चा आकडाच बरेच काही सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला २८ व्होल्ट एसी आहेत, त्याला १.४१४ने गुणून ब्रिजच्या (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीच्या) दोन डायोडचे सुमारे १.४ व्होल्ट वजा केले की ३८च्या आसपास उत्तर येते. म्हणजे मोठ्या कपॅसिटरवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जसाच्या तसा बाहेर येतो आहे आणि मधला ट्रान्झिस्टर काहीच अडवत नाही. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, एमिटर आणि बेस अशी तीन टोके असतात; बेसवरून मिळणाऱ्या हुकमाने कलेक्टर ते एमिटर प्रवाह कमीजास्त होतो. एक तर तो कलेक्टर ते एमिटर शॉर्ट झाला आहे, नाहीतर बेसकडून त्याला कोणीतरी पूर्ण चालू ठेवले आहे. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज मात्र शाबूत आहेत, त्यांना हात लावू नका.

प्लग काढा आणि मोठा कपॅसिटर १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. मग दोन्ही २एन३०५५ बाहेर काढा. या ट्रान्झिस्टरचा धातूचा देह हाच कलेक्टर असतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक बेसला लावले, तर देहाकडे आणि एमिटरकडे अशा दोन्ही बाजूंना साधारण ०.५ ते ०.७ दिसले पाहिजे. बेस-एमिटरचा आकडा किंचित जास्त असतो, त्यावरून कोणता पाय कोणता हेही ओळखता येते. देह आणि एमिटर यांच्यामध्ये टोके कशीही लावली तरी काही दिसता कामा नये. तिथे बीप वाजली, तर तो ट्रान्झिस्टर गेला.

आता कारणाकडे वळू. ६ व्होल्ट आणि अडीच अँपिअरवर, आत लोडखाली ३५ व्होल्ट धरले तरी, २९ व्होल्ट गुणिले २.५ म्हणजे ७० वॅटच्या वर उष्णता ट्रान्झिस्टरांनाच सोसावी लागते. २एन३०५५ची ११५ वॅटची क्षमता केसचे तापमान २५ अंश असतानाची आहे. केस १०० अंशांवर गेली की ती ६५ वॅटच्या आसपास उरते. दोघांनी भार निम्मा-निम्मा वाटून घेतला तर ३५-३६ वॅट सहज निभावतात, पण एकट्यावर सगळा भार आला तर तो टिकणार नाही.

भार समान वाटण्याचे काम प्रत्येक एमिटरमधला पांढरा, चौकोनी सिमेंटचा रेझिस्टर करतो. त्यावर बहुधा ५ वॅट आणि ०.२२ ओहम असे छापलेले असते. त्यांतला एक उघडा पडला, म्हणजे आतून तुटला, तर त्याचा ट्रान्झिस्टर कामातून बाद होतो आणि जोडीदार एकटा ओझे ओढत राहतो. बेळगावच्या उद्यमबागेत नोकरीला असताना असाच एक सप्लाय माझ्या हाती आला होता. मी दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले आणि दहा मिनिटांत त्यांतला एक पुन्हा गेला. आमच्या कन्नडभाषक मिस्त्रींनी काही न बोलता माझे बोट आधी एका ट्रान्झिस्टरच्या टोपीजवळ नेले आणि मग दुसऱ्याच्या: पहिल्याची धग लांबूनच लागत होती, दुसरा दगडासारखा गार होता. त्या गार ट्रान्झिस्टरच्या सिमेंट रेझिस्टरला खालून, बोर्डाकडच्या बाजूने, केसाएवढी चीर गेली होती. वरून तो अगदी नवा दिसत होता. म्हणून दोन्ही रेझिस्टरांचा एकेक पाय सोडवून मोजा. इतका लहान रोध मीटरच्या वायरींतच हरवतो, तेव्हा अचूक आकड्याच्या मागे लागू नका. तो अखंड आहे की उघडा, एवढेच पाहा.

आयसीची ओळख तिच्या जोडण्यांवरून पटते. चौदा पायांच्या दोन आयसी अशा सप्लायमध्ये नेहमी भेटतात. पाय १२ला धन आणि पाय ७ला ऋण पुरवठा असेल तर ती ७२३, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी. पाय ४ला धन आणि पाय ११ला ऋण असेल तर चार ऑप-अँपची (दाबांतला फरक वाढवून देणाऱ्या चार सर्किटांची) ३२४. ७२३ निघाली तर पाय ६ आणि ७ यांच्यामध्ये सुमारे ७.१५ व्होल्टचा संदर्भ-दाब मिळाला पाहिजे. काळे टोक पाय ७वरच ठेवा, बाहेरच्या ऋण टर्मिनलवर नको, कारण शून्यापासून सुरू होणाऱ्या सप्लायमध्ये ही आयसी बहुधा वेगळ्या लहान वाइंडिंगवर तरंगत असते आणि चुकीच्या जागेवरून मोजले की चांगली आयसीही बिघडलेली वाटते.

ही मोजणी पॉवर ट्रान्झिस्टर बाहेर ठेवून आणि ६० वॅटचा बल्ब लावलेल्या सिरीज बोर्डावरून, म्हणजे सप्लायला मेन्सची वीज त्या बल्बमधूनच मिळेल अशा बोर्डावरून, करा. या स्थितीत बाहेरचे व्होल्टेज पडले पाहिजे. आयसी मात्र ते चढवण्याची धडपड करील आणि तिचे आउटपुट वरच राहील. त्यावरून तिला दोष देऊ नका. पॉवर ट्रान्झिस्टर काढूनही बाहेर मोठा दाब दिसत असेल, तर त्यांना चालवणारा लहान ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासा. मोठा जाताना त्याला सोबत घेऊन जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. नॉबच्या पॉटचा (फिरवून कमीजास्त होणाऱ्या रेझिस्टरचा) मधला पाय तुटला तरी व्होल्टेज टोकाला जाऊ शकते, तेव्हा तो काट्याच्या मीटरने सावकाश फिरवून पाहा; काटा कुठेही उडता कामा नये.

जळके रेझिस्टर ओळखताना जपा. उष्णतेने लाल पट्टा तपकिरी दिसू लागतो, आणि पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पिवळा-जांभळा-तपकिरी, म्हणजे ४७० ओहमचा, वाटू शकतो. एक पाय सोडवून मोजा आणि मगच ठरवा.

नवे २एन३०५५ कोल्हापुरातून आणा किंवा बेळगावातून, पण दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे घ्या आणि हातात वजन पाहा. फार हलके वाटले तर घेऊ नका. खालचा अभ्रकाचा पापुद्रा, म्हणजे मायका, फाटलेला नसावा. स्क्रू आवळल्यावर देह आणि हीटसिंक यांच्यात बीप वाजता कामा नये.

शेवटी सिरीज बल्बवर, लोड न लावता, नॉबने व्होल्टेज खालीवर होते का ते पाहा. होत असेल तर बल्ब काढून सप्लाय १२ व्होल्टवर ठेवा आणि गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे प्रत्येक ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ०.१९ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. एकावर दुप्पट आणि दुसऱ्यावर शून्य दिसले तर लगेच बंद करा. याच लोडवर मोठ्या कपॅसिटरवर मीटरच्या एसी रेंजमध्ये मोजा; तो ४७०० मायक्रोफॅरडचा असेल तर एक व्होल्टच्या आसपास ठीक आहे, तीन-चार दिसले तर कपॅसिटर सुकला आहे.

दोन्ही एमिटर रेझिस्टरांवरचे आकडे मला कळवा. ६ व्होल्टची मोटर त्यानंतरच पुन्हा जोडा.