आधी श्वास सोडायला शीक

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज नीट वाचला. योगाच्या क्लासमधले सर म्हणतात कपालभाती वाढव, गाण्याचे गुरुजी म्हणतात ते सगळं बंद कर, आणि ऐकायचं कुणाचं हे तुला कळेनासं झालंय. पण तूच काय लिहिलंयस ते बघ. पहाटे ५०० कपालभाती आणि उठून लगेच तानपुरा! मग गळा कोरडा पडतो, आलापात दम पुरत नाही, अशी तक्रार. पडणारच.

कपालभाती ही हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक. तिच्यात पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर फेकायचा असतो, आत तो आपोआप येतो. गाताना आपल्याला याच्या उलट हवं. बाहेर जाणारा श्वास धरून धरून, पुरवून पुरवून खर्च करायचा. पोटाला रोज पहाटे झटक्याची सवय लावलीस, तर विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालातही ते झटकेच देणार. शिवाय एवढी हवा जोरात आत-बाहेर केली की नाक-घसा सुकतो. करायचीच असेल तर ३० ची दोन आवर्तनं पुरेत, तीही संध्याकाळी, रिकाम्या पोटी. रियाजाच्या तोंडावर नको.

गाणाऱ्याने आधी श्वास सोडायला शिकावं. तो पूर्ण सुटला की पुढचा आपसूक, आवाज न करता, खोलवर येतो. तू काय करतेस? तार षड्ज, म्हणजे वरचा सा, जवळ आला की खांदे उचलून छाती काठोकाठ भरतेस. इतकी भरलेली छाती आपणहून मिटायला बघते, तो दाब खालून स्वरयंत्रावर येतो आणि त्याला अडवायला गळा आवळला जातो. सूर पिळल्यासारखा लागतो. तुला वाटतं श्वास कमी पडला. अगं, जास्त झाला होता!

सुरुवात बैठकीपासून. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि छाती-पोटामधल्या श्वासपटलाला खाली उतरायला जागाच उरत नाही. सतरंजीची घट्ट घडी कर, तीन-चार इंच उंच, आणि फक्त बैठकीखाली घे, मांड्यांखाली नको. गुडघे खाली आले की पाठ ताठ ठेवायला जोर लागत नाही. दर २० मिनिटांनी मांडी बदल, नाहीतर पायाला मुंग्या येतील आणि सगळं लक्ष तिकडे जाईल. तू पाठवलेल्या व्हिडिओत आणखी एक दिसतं. पहिल्या पाच मिनिटांतच तारा छेडता छेडता तुझा उजवा खांदा कानाकडे सरकतो, मान आखडते, आणि नेमकी तिथून तुझी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, अडखळायला लागते. त्यासाठी गोमुखासनातली फक्त हातांची बांधणी कर. एक हात वरून, एक खालून, पाठीमागे बोटं गुंफायची; पोचत नसतील तर मध्ये नॅपकिन धर. प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट. आणि ताणात असताना श्वास सोडत राहा. रोखून धरलास तर खांदा सुटणार नाही.

मग मकरासन, पाच मिनिटं. पालथी झोप, हातांची घडी कपाळाखाली, पाय थोडे फाकलेले. पोट जमिनीवर दाबलेलं असल्यामुळे श्वासाला पाठीकडे आणि खालच्या फासळ्यांकडे पसरावंच लागतं. ते पसरणं नीट ओळखून घे, कारण बसल्यावर तेच हवं आहे.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं. तबल्याच्या ॲपवर बारा मात्रांचा एकताल लाव, लय मिनिटाला ६० मात्रा. ‘धिं धिं धागे तिरकिट’ या चार मात्रांत नाकाने श्वास घे आणि पुढच्या ‘तू’ या बोलापासून ‘धी ना’पर्यंतच्या आठ मात्रांत सोड. मध्ये कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. दहा आवर्तनं. बाराव्या मात्रेवर छाती रिकामी आणि समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, पुढचा श्वास, इतकं चोख. आठवी-नववी मात्रा येता येता पोट थरथरलं किंवा श्वास तुटला, तर सुरुवातीलाच जास्त सोडलास असं समज. लय वाढवू नकोस, सोडणं बारीक कर. हे महिनाभर सहज जमलं की सोळा मात्रांच्या त्रितालावर जा, चार मात्रा आत, बारा बाहेर. घोडबंदरहून नौपाड्याला येताना बसमध्येही मोजता येतं.

शेवटी सिंहासन तीनदा, जीभ हनुवटीकडे काढून, पण गर्जना न करता नुसता श्वास सोडून. जबडा मोकळा होतो. मग भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव, सात वेळा, ओठ मिटलेले, दात सुटे, मध्य षड्जावर अगदी हळू. ओठांना आणि नाकाला गुदगुली झाली पाहिजे. घशात खवखव झाली तर जोर लावते आहेस. इथून सरळ खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजात जायचं. सगळं मिळून पंधराएक मिनिटं.

मेट्रोच्या कामाच्या धुळीने नाक चोंदत असेल तर जलनेती कर, म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढ, पण उकळून कोमट केलेल्या पाण्यानेच. अर्धा लिटरला एक सपाट चमचा मीठ. नळाचं पाणी थेट कधीही वापरू नकोस. नंतर पुढे वाकून नाक पूर्ण कोरडं कर. कार्यक्रमाच्या दिवशी नेती नको, नवं आसनही नको.

मी एकाच गोष्टीचा हेका धरतो असं लोक म्हणतात. धरतो, आणि धरणार. गाण्याच्या वर्गांत पलटे, सरगम, बोल-ताना सगळं घोटून घेतात, श्वास मात्र ‘दमसास वाढवा’ एवढ्यावर आटोपतात. उत्तम तयारीची मुलं पंचविशीत गळा बसून मागे पडताना पाहिली की वाईट वाटतं आणि संतापही येतो. योगाच्या बाजूने घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थेने ठाण्यात वर्षानुवर्षं वर्ग चालवलेत. गाण्यालाही या शहरात तोटा नाही. पण दोन्हीकडचं एका माणसाच्या अंगात आलं पाहिजे ना! गुरुजींना येहुदी मेन्युहिन यांचं उदाहरण दे. १९५२ मध्ये मुंबईत त्यांची योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली. अय्यंगारांनी त्या थकलेल्या व्हायोलिनवादकाला आधी विश्रांती दिली. त्यानंतर मेन्युहिन अनेक वर्षं त्यांच्याकडे शिकले. विश्रांती म्हणजे तरी काय गं, सोडणंच. कसरत नंतर.

रविवारी सकाळी सातला ये. चहासुद्धा न घेता ये, पोहे नंतर इथेच खाऊ. सतरंजी आहे माझ्याकडे, पण तुझा तानपुरा आण. माझा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा आहे, तुझ्या काळी चारपर्यंत चढवला तर तारा तुटतील. तोवर कपालभाती बंद आणि रोज एकतालाची दहा आवर्तनं. कुठल्या मात्रेवर श्वास तुटतो ते वहीत लिहून आण.